कोयता विसाव्यात आहे

ऊसतोडीत नवरा-बायकोला मिळून एक कोयता म्हणतात. माणसं दोन, हात चार, मोजताना एक. मुकादमाची बोली कोयत्याशी, कोपीची, म्हणजे पाचटाच्या झोपडीची, जागा कोयत्याला, आणि कारखान्याच्या विसावा केंद्रातल्या पडद्यावरही एका कोयत्याचा एकच ठिपका. प्राजक्ता चौगुले त्या केंद्रावर तंत्रज्ञ म्हणून लागली तेव्हा यात तिला काही नवल वाटलं नाही. वारणाकाठी वाढलेल्या माणसाच्या कानावरून हा शब्द लहानपणापासून गेलेला असतो.

संक्रांत उलटली की ऊन चाळिशी पार करायला लागलं, त्या वर्षांतली ही गोष्ट. मोठ्या, कोरड्या रानांत तोडणीची यंत्रं शिरली होती. नदीकाठच्या ओल्या, लहान तुकड्यांत मात्र अजून माणसंच लागायची, आणि ती बीडकडूनच यायची. मध्ये असे हंगाम गेले की फडात धडधाकट गडी उभ्याउभ्या कोसळत होते. मग ही पट्टी आली.

नाण्याएवढी, गोल, दंडावर चिकटवायची. टोळीतल्या बायका तिला टिकली म्हणायच्या.

उष्माघात अवचित येत नाही. माणूस पडण्याच्या बराच आधी शरीर खुणा करायला लागतं. घाम वाढतो, त्यातलं मीठ वाढतं, रक्त थंड व्हायला कातडीकडे धावतं आणि ते पुरवता पुरवता हृदय दमतं. शेवटी घामच आटतो, आणि तोवर फार उशीर झालेला असतो. शरीराच्या गाभ्यातलं तापमान बाहेरून मोजता येत नाही. पण घाम, मीठ, कातडी आणि नाडी या खुणा एकत्र वाचल्या तर त्याचा अदमास बांधता येतो, आणि अर्ध्या तासानं ते कुठवर चढलेलं असेल हेही सांगता येतं. पट्टी तेवढंच करायची. धोका दिसला की लाल व्हायची, थरथरायची, आणि कोयत्याला काम थांबवावंच लागायचं. कारखान्यावर तसं बंधन होतं. केंद्राच्या पडद्यावर त्या ठिपक्यापुढे अक्षरं उमटायची: कोयता विसाव्यात आहे.

पट्टी कोयत्याला एक. ती लावायची कुणाला, हा प्रश्न कुणाला पडलाच नव्हता. नोंद ज्याच्या नावावर, त्याच्या दंडावर. पट्टी आल्यापासून या कारखान्याच्या फडात एकही गडी दगावला नव्हता.

केंद्राला लागून गार शेड होती. भिंतींवरून पाणी झिरपायचं, आत वारा खेळता असायचा. टोळीतली लहान पोरं दिवसभर तिथंच, आणि त्यांना सांभाळायला कुशावर्ता आजी. साठीच्या आतबाहेरची, गुडघे गेलेली, तोंडानं तिखट.

पहिल्याच आठवड्यात तिनं प्राजक्ताला हाक मारली होती. “ए ताय, हिकडं ये. पान्हा फुटलाय तुला. समदा कोट भिजलाय.”

प्राजक्तानं चटकन हाताची घडी घातली. घरी तिची ओवी सात महिन्यांची होती, सासूबाईंजवळ. दूध काढायचं यंत्र पिशवीत होतं, पण केंद्रात आडोसा म्हणून नव्हता. इमारतीच्या नकाशात पट्ट्या ठेवायच्या फ्रीजला खोली होती, तिथं काम करणाऱ्या बाईला नव्हती.

आजीनं आपली एक जुनी साडी दोन खिळ्यांना बांधून कोपरा करून दिला. “बस हितं. मी हाय राखणीला.” मग साडीबाहेरून, “अन् त्ये घुर्र घुर्र काय वाजतंय? गिरणी लावलीस का काय?”

प्राजक्ता आत एकटीच हसली. त्या दिवसापासून रोज दुपारी ती त्या कोपऱ्यात बसायची, आणि साडीपलीकडून आजीचं बोलणं चालू असायचं. त्यातूनच तिला शिवकन्या कळली.

शिवकन्या म्हणजे आजीची सून, बालाजी गर्जेची बायको. बालाजीची पट्टी लाल झाली की दोघं फडातून यायची. तो गार शेडमध्ये भिंतीला पाठ लावून डोळे मिटायचा. ती राहीला, वर्षाच्या लेकीला, पदराखाली घ्यायची आणि तशीच कोपीकडे निघायची. चूल, भाकरी, हौदावरून पाणी. तिचं आटपेपर्यंत बालाजीची पट्टी हिरवी झालेली असायची, आणि दोघं परत फडात.

“तुम्ही कधी बसता हो?” प्राजक्तानं एकदा तिला विचारलं.

“बसते की. ट्रॅक्टरात. गावाकडं जाताना.” शिवकन्या कंबरेवरची लेक सावरत म्हणाली. “ताई, तुमचं यंत्र म्हणतं विसावा घ्या. घ्यावा की. पण त्याला भाकरी थापता येती का तेवढं इचारा.”

प्राजक्तानं फ्रीजमधली एक जादा पट्टी काढली आणि तिच्या दंडावर लावली. त्या दिवशी पडद्यावर तिनं दोन रेषा शेजारी शेजारी पाहिल्या. विसावा सुरू झाला तशी बालाजीची रेषा उतरत गेली. शिवकन्याची चढत गेली. चुलीपुढे बसल्यावर ती दिवसातली सगळ्यात वर होती. मोळ्या वाहतानाही ती तेवढी तापली नव्हती. अंगावर पाजणाऱ्या बाईच्या शरीरातलं पाणी दुधातून जातं ते वेगळंच.

तिनं त्या रेषा पुण्याला डॉ. केळुसकरांना पाठवल्या. योजना त्यांचीच. माणूस सज्जन. त्यांचा लगेच फोन आला. “हे आमच्या कुणाच्या लक्षातच आलं नाही, प्राजक्ता. तुझ्या टोळीतल्या बायकांना दुसरी पट्टी देऊन बघू. दोघांपैकी कुणीही लाल झालं की कोयता थांबेल.”

टोळीतल्या सात बायकांच्या दंडांवर टिकल्या लागल्या. प्राजक्ता त्या दिवशी घरी जाताना ओवीसाठी झबलं घेऊन गेली. काहीतरी चांगलं झालं होतं, आणि ते कुणाला तरी द्यावंसं वाटत होतं.

पहिले काही दिवस पडदा सारखा लाल होत होता. बायकांच्या पट्ट्या गड्यांच्या आधी थरथरायच्या. फड रेंगाळला, ट्रॉल्या अर्ध्या भरून उभ्या राहायला लागल्या. माणिक मुकादम बांधावर येऊन बसायचा.

“काय बालाजी, मालकिणीला ऊन लागलं व्हय?” तो म्हणायचा. “पालखी आणू का? अरं, तुझी आय ह्याच फडात बाळंत होऊन दुसऱ्या दिवशी मोळी उचलायची.”

बालाजी कोयता जमिनीत रुतवून उभा राहायचा, इतकंच. आणि मुकादमानं एके सकाळी सांगून टाकलं, की हे असंच चाललं तर पुढल्या हंगामाला दुसरी टोळी आणतो, बिनटिकलीच्या बायकांची.

त्यानंतर पडदा शांत झाला. बायकांच्या सातही रेषा सपाट, हिरव्या. प्राजक्ताला वाटलं, आता शरीरं रुळली असतील. विसाव्याचा उपयोग होत असेल.

शिवरात्रीच्या सुमाराला पुण्याहून अहवाल आला. डॉ. केळुसकरांनी कौतुकानं पाठवला होता. त्यात लिहिलं होतं, की स्त्रियांची उष्णता सोसण्याची क्षमता अपेक्षेपेक्षा पुष्कळ जास्त आढळली. म्हणून भर दुपारी पुरुष विसावा घेत असताना ट्रॉल्या भरण्याचं काम स्त्रियांकडे द्यायला हरकत नाही. सर्व केंद्रांना तशी सूचना गेली होती. या फडात ती दोन दिवसांपासून लागूही झाली होती.

प्राजक्तानं तो अहवाल दोनदा वाचला. मग तिनं सरासरीचे आकडे बाजूला सारले आणि पट्ट्यांनी टिपलेले मूळ ठोके उघडले. सात बायकांच्या सात नाड्या एकाखाली एक. एकीची नाडी चुकून क्षणभर अडखळत होती, आणि नेमक्या त्याच क्षणी खालच्या सहाही अडखळत होत्या. एकीला ठसका लागला की सातही जणींना लागत होता.

ती उठून शेडमध्ये गेली. आजी राहीला मांडीवर थोपटत बसली होती. तिचं झंपर नेहमीपेक्षा लांब बाह्यांचं होतं, भर उन्हाळ्यात.

“आजी, बाही वर करा.”

आजीनं तिच्याकडे पाहिलं आणि बाही सारली. मनगटाच्या वरपासून खांद्यापर्यंत सात टिकल्या ओळीनं चिकटवलेल्या होत्या.

“रांडमुंड बाईच्या अंगावर सात टिकल्या,” आजी म्हणाली. “हास की जरा. आम्ही लई हासलो लावताना.”

प्राजक्ता तिथंच फरशीवर बसली. “हे कुणी सुचवलं?”

“कुणी म्हंजी काय. ज्या बाईला विसावा हाय तिच्या अंगावर विसाव्याची टिकली. खोटं काय त्यात?” मग आवाज उतरवून, “मपल्या येळला कुणी हात लावून बगितलं न्हाई, ताय. तिशीत पिशवी काढली माझी. पाळी नको, खाडा नको, म्हून. तवापास्नं गुडघे गेले. आता निस्तं बसून सात जणींच्या उपेगी पडते, तर पडू दे.”

शिवकन्या राहीला पाजायला आली तेव्हा प्राजक्तानं आजीच्या दंडावरची तिची टिकली सोलून काढली आणि तिला लावली. शिवकन्यानं लावू दिली, हसत. तिची कातडी हाताला चटका बसावा इतकी तापलेली होती. टिकली चिकटते न चिकटते तोच लाल झाली.

“दिसलं?” प्राजक्ता म्हणाली. “आता बसायचं. आजचा दिवस बसायचंच.”

“आज शेवटचा तुकडा हाय त्या रानाचा. आज बसले तर ह्यांना बोलतील समदे.” तिनं टिकली काढली आणि सासूच्या दंडावर परत दाबून बसवली. “आत्या, धरा माझा विसावा.”

“शिवकन्या, मला हे पुण्याला कळवावं लागेल.”

“कळवा. पर मग आमच्या टिकल्या काढून नेतील, का मुकादम आम्हालाच काढून टाकील? त्ये आधी इचारून घ्या.” ती दारात थांबली. रागावलेली नव्हती, दमलेली होती. “ताई, तुम्ही आमचं चांगलंच बघताय. पर तुम्ही बाईला टिकली लावली. तिची चूल कुणाला लावून दिली?”

ती गेली. प्राजक्तानं आत जाऊन पुण्याला फोन लावला. केळुसकर बैठकीत होते. त्यांच्या सहायकानं लेखी पाठवायला सांगितलं. ती लिहीत असतानाच तिचा फोन वाजला. बालाजी होता.

“ताई, ही पडली. बोलंना.”

केंद्राच्या दारात गारगाडी उभी असायची. आत बर्फाच्या पाण्याची टाकी. पट्टी लाल होऊन माणूस हलला नाही की गाडी आपली आपण सुटायची, चालक लागत नसे. प्राजक्तानं कोयत्याचा क्रमांक टाकून हातानं मागणी केली. पडद्यावर उत्तर आलं: सदर व्यक्ती विसाव्यात आहे. प्रकृती उत्तम.

“बालाजी, तुमची टिकली काढा आणि तिच्या दंडावर लावा. लाल झाली की गाडी सुटेल. आत्ता, लगेच.”

फोनवर धावपळ ऐकू आली, बायकांचे आवाज, उसाच्या पाचटाचा चुरचुराट. मग बालाजी म्हणाला, “लावली. काहीच होईना. रंगच न्हाई तिला.”

प्राजक्ताला कळलं. पट्टी घाम वाचते. शिवकन्याचं अंग कोरडं पडलं होतं.

“पाणी ओता अंगावर. सावलीला घ्या. वारा घाला. मी येते.” तिनं पुन्हा पुण्याला फोन लावला आणि सहायकाला इतक्या मोठ्यानं ओरडून सांगितलं की केळुसकर बैठकीतून उठून आले. त्यांनी एक प्रश्नही न विचारता गाडी सोडली. प्राजक्ता त्या गाडीतच चढून बसली होती. पण फडाच्या वाटेवर उसाच्या ट्रॉल्या एकामागं एक उभ्या होत्या, आणि वाट एकच होती.

शिवकन्याला बर्फाच्या पाण्यात ठेवलं तेव्हा बालाजी तिचं डोकं हातांवर धरून होता. ती एकदाही डोळे उघडून बघू शकली नाही. तालुक्याच्या दवाखान्यात पोचायच्या आधीच सगळं संपलं.

प्राजक्ता परत आली तेव्हा शेडमध्ये राही रडत होती. दुपारपासून तिच्या पोटात काही नव्हतं. बाटली तिला माहीत नव्हती. आजी तिला खांद्यावर घेऊन फेऱ्या घालत होती, त्या गेलेल्या गुडघ्यांवर. बातमी तिच्यापर्यंत पोचली होती.

प्राजक्तानं हात पुढे केले. साडीच्या आडोशाला बसून तिनं राहीला छातीशी लावलं. पोर हुंदके देत देत प्यायली, मधूनच तोंड काढून प्राजक्ताच्या चेहऱ्याकडे बघायची आणि पुन्हा रडायची, पुन्हा प्यायची. साडीपलीकडून आज कुणी बोलत नव्हतं.

बाहेर केंद्राच्या पडद्यावर शिवकन्या गर्जेची नाडी चालू होती. ती विसाव्यात होती.

डॉ. केळुसकर दुसऱ्या दिवशी स्वतः आले. गाडीतून उतरले तेव्हा त्यांचा चेहरा ओढलेला होता. प्राजक्ताला त्यांनी बाजूला घेतलं.

“मी रात्रभर विचार केला. दोन वाटा आहेत,” ते म्हणाले. “पट्टीच्या नोंदीत तिला उष्णतेचा त्रास दिसत नाही. तेव्हा हृदयक्रिया बंद पडून मृत्यू, असं लिहिता येईल. तसं झालं तर मुलीला आपल्या संस्थेच्या वसतिशाळेत जागा देता येते. मोठी होईपर्यंत सगळं. पण पट्ट्या बदलल्या होत्या असं लिहिलं, तर नियमच मोडला असं होतं. मग हात बांधले जातात. ना जागा, ना दुसरं काही.”

“आणि तुमचा अहवाल, सर?”

अहवाल खरा धरला, तर सगळ्या नदीकाठांवर बायका भर दुपारी ट्रॉल्या भरत राहणार होत्या, हे त्यांनाही कळत होतं.

“हे मी ठरवायचं नाही,” प्राजक्ता म्हणाली. “तुम्हीही नाही.”

ती त्यांना कोपीत घेऊन गेली. बालाजी दाराशी उकिडवा बसला होता. प्राजक्तानं दोन्ही वाटा होत्या तशा सांगितल्या, काही न लपवता. राहीची शाळा एकीकडे. दुसरीकडे फक्त खरं.

बालाजी म्हणाला, “आई, पोरीचं बघ. तिला ह्यातनं काढायचं हुतं शिवकन्याला. दुसरं काय मागायची ती?”

आजीनं चुलीतली राख बाजूला सारली. मग केळुसकरांना म्हणाली, “तुमच्या कागदात माझी सून कशानं मेली?”

“हृदय बंद पडून.”

“तिचं काळीज चांगलं हुतं. उन्हानं मारलं तिला.” आजीनं बाही वर केली. इतर बायकांनी आपापल्या टिकल्या कालच नेल्या होत्या. एकच उरली होती. “ही म्या लावली हुती. माझं नाव घाला. अन् त्या दुपारच्या ट्रॉल्या बंद करा. राही मोठी झाली की मला इचारील, माझी आय कशानं गेली. तिच्या शाळेपायी मी तिला काय सांगू?”

बालाजी उठून बाहेर गेला. त्यानं विरोध केला नाही.

टिकली काढायला आजी तयार नव्हती. हात मागं घेत होती. “ऱ्हाऊ दे गं. हिच्यात हाय ती अजून.” शेवटी प्राजक्तानं तिचा दंड आपल्या मांडीवर घेतला आणि कडेनं, हळूहळू, कातडी न ओढता ती सोलली. पडद्यावर शिवकन्याचा ठोका थांबला.

केळुसकरांनी खरं तेच लिहिलं. दुपारची सूचना सगळ्या केंद्रांवरून मागं घेतली गेली. दुसऱ्या पट्टीचा प्रयोगही बंद झाला, नवे नियम होईपर्यंत. नवे नियम कधी होणार हे कुणाला माहीत नव्हतं. पुन्हा कोयत्याला एकच पट्टी. राहीला शाळेत जागा मिळाली नाही.

दहावं नदीवरच झालं. टोळीतल्या बायका प्राजक्ताशी बोलायच्या, पण मोजकं. आजीचा कोपरा मात्र तसाच बांधलेला राहिला.

हंगाम संपला नव्हता आणि गर्जेंचा कोयता अर्धा झाला होता. मुकादम कोपीवर आला तेव्हा त्याचा आवाजही खाली होता. “बालाजी, मी काय बोलू? पर बोली जोडीची हाय. कुणी बहीण, मेव्हणी असंल तर बोलव.” बालाजीला बहीण नव्हती.

त्याच सकाळी आजीनं शेडमधली पोरं टोळीतल्या एका दहा-बारा वर्षांच्या पोरीच्या हवाली केली, राहीला प्राजक्ताच्या कडेवर दिलं, गुडघ्यांना फडकी आवळून बांधली आणि डोक्यावर चुंबळ ठेवली.

“आजी, तुम्हाला जमायचं नाही हे.”

“जमायचं काय त्यात. मोळी डोक्यावर घ्यायची अन् चालायचं. आर्धं आयुष्य त्येच केलं.” तिनं राहीच्या पायाला हात लावला. “हिला दुपारी पाजशील ना?”

प्राजक्तानं मान हलवली. मायलेक फडाकडे निघाली. पडद्यावर मुकादमानं नोंद केली असावी, कारण ठिपक्यापुढे अक्षरं बदलली: कोयता पूर्ण.

ऊन अजून कोवळंच होतं, इतर सगळे ठिपके हिरवे होते, तेव्हा गर्जेंचा ठिपका लाल झाला. प्राजक्ता राहीला कडेवर घेऊन पडद्यापुढे आली. नाव बालाजीचं होतं. पण खाली धावणारी नाडी तीस वर्षांच्या गड्याची नव्हती. मधूनच क्षणभर अडखळत होती, आणि पुन्हा चालायला लागत होती.

तिनं खिडकीतून पाहिलं. बांधावरच्या बाभळीखाली आजी पाय लांब करून बसली होती. बालाजी तिच्याजवळ तांब्या ठेवून कोपीकडे निघाला होता. थोड्या वेळानं त्याच्या कोपीतून धूर निघायला लागला. मुकादम लांबून काहीतरी ओरडला. बालाजीनं दारातून डोकं काढून पाहिलं, आणि पुन्हा आत गेला.

पडद्यावर प्रश्न आला होता; शिवकन्या गेल्यापासून केंद्र नाडीही ताडून बघायला लागलं होतं. नोंदीतल्या नाडीशी मेळ बसत नाही. पट्टी बालाजी गर्जे यांच्याच अंगावर आहे का?

राहीनं पडद्याकडे हात नेला. प्राजक्तानं तो हलकेच बाजूला धरला आणि ‘होय’वर बोट ठेवलं.